जड ट्रेलर ओढणाऱ्या डिझेल ट्रकसाठी क्लच कोणता निवडावा?

पठारावरून

नमस्कार. मी कोलोरॅडोमध्ये, डेन्व्हरच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात राहतो. माझ्याकडे २००८ सालचा डॉज रॅम २५०० आहे. त्यात कमिन्सचे ६.७ लिटरचे डिझेल इंजिन, जी-५६ हा सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि ३.७३ गुणोत्तराचा मागचा आस आहे. इंजिन कंपनीतून आले तसेच आहे, म्हणजे ३५० अश्वशक्ती आणि ६१० पौंड-फूट, आपल्या मोजमापात सुमारे ८२७ न्यूटन मीटर टॉर्क. त्यात कोणताही बदल केलेला नाही आणि पुढेही करायचा नाही. या ट्रकला मी गूजनेक ट्रेलर (ट्रकच्या हौद्यात अडकवला जाणारा) जोडतो आणि त्यावरून गवताच्या गासड्या, कधी छोटा ट्रॅक्टर, कधी घोडे नेतो. वजनकाट्यावर सगळे मिळून साधारण ९ टन भरते.

मूळचा क्लच आता संपत आला आहे. भरलेला ट्रेलर घेऊन आंतरराज्य महामार्ग ७० वरून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना सहाव्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे अचानक वाढतात, पण वेग वाढत नाही. चढावर गाडी सुरू करताना थरथर जाणवते, आणि घराच्या खडीच्या चढावर ट्रेलर मागे घेतला की जळका वास येतो.

येथील दुकानांनी मला तीन पर्याय सांगितले आहेत. पहिला म्हणजे कंपनीचाच, दोन वस्तुमानांच्या फ्लायव्हीलसह (फ्लायव्हील म्हणजे इंजिनाला जोडलेली जड चकती; हिचे दोन भाग आतल्या स्प्रिंगांनी जोडलेले असतात). दुसरा म्हणजे एकसंध फ्लायव्हील आणि जास्त दाबाची प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग), त्यात क्लच प्लेटच्या दोन्ही बाजूंना ऑर्गॅनिक लायनिंग (घासून पकड घेणारा थर) किंवा एका बाजूला ऑर्गॅनिक आणि दुसऱ्या बाजूला सिरॅमिक. तिसरा म्हणजे दोन प्लेटांचा परफॉर्मन्स क्लच, जो इंजिनाच्या दुपटीहून अधिक टॉर्क पेलतो असे सांगतात. दुकानदाराचा आग्रह तिसऱ्यासाठी आहे. खर्च करण्याची माझी तयारी आहे, पण आकडा मोठा म्हणून वस्तू योग्य, हे मला पटत नाही. कृपया अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

उत्तररात्र

मी टेक्सासमध्ये असतो आणि माझा ट्रकही याच पिढीतला, याच गिअरबॉक्सचा आहे. मी दोन प्लेटांचा क्लच बसवला आणि त्याबद्दल समाधानी आहे. घर्षणाचे चार पृष्ठभाग असल्यामुळे तेवढाच टॉर्क धरण्यासाठी प्रेशर प्लेटची स्प्रिंग फार कडक असावी लागत नाही, म्हणून पेडल हलके राहते. महामार्गावर भरलेला ट्रेलर ओढताना तो कधीही घसरलेला नाही.

मात्र दोन गोष्टी सांगतो. न्यूट्रलमध्ये पेडल दाबले की मधली तरंगती प्लेट खडखडते, आणि मूळचे फ्लायव्हील काढल्यामुळे गिअरबॉक्समधूनही संथ फेऱ्यांवर आवाज येतो. सवय नसलेला माणूस या आवाजाने घाबरतो. शिवाय माझा प्रदेश बहुतांशी सपाट आहे. तुमच्या चढांवर मी हा क्लच चालवलेला नाही.

तेलपाणी

मी पुण्यात व्यावसायिक वाहनांच्या ट्रान्समिशन विभागात बरीच वर्षे काम केले आहे. मूळ प्रश्न फार नेमका मांडला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

क्लचच्या जाहिरातीतला आकडा फक्त एकच गोष्ट सांगतो. क्लच थंड असताना, लायनिंग नीट बसलेले असताना आणि पेडल पूर्ण सोडलेले असताना तो किती टॉर्क न घसरता धरेल, एवढेच त्यातून कळते. तो किती उष्णता झेलेल, हे त्यातून मुळीच कळत नाही. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचा क्लच मात्र बहुतेक वेळा उष्णतेने मरतो.

धरण्याच्या क्षमतेचे सूत्र सोपे आहे. घर्षणाचे पृष्ठभाग, घर्षणांक, दाबाचे बल आणि सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार केला की टॉर्क मिळतो. उदाहरणादाखल १३ इंची प्लेट घेऊ. तिची सरासरी त्रिज्या ०.१३४ मीटर, दाब १५,००० न्यूटन आणि ऑर्गॅनिक लायनिंगचा घर्षणांक ०.२८ धरला, तर दोन पृष्ठभागांवर सुमारे ११२५ न्यूटन मीटर होतात. तुमच्या इंजिनाच्या ८२७ पेक्षा हे छत्तीस टक्क्यांनी जास्त आहेत, म्हणजे पुरेसे आहेत. आता हेच लायनिंग तापून त्याचा घर्षणांक ०.२० वर आला असे समजा. क्षमता ८०४ वर उतरते आणि क्लच घसरू लागतो. घसरला की आणखी तापतो, आणि तापला की आणखी घसरतो. महामार्गावर सहाव्या गिअरमध्ये दिसणारे घसरणे हे बऱ्याचदा इतरत्र झालेल्या जळण्याचे फळ असते, कारण एकदा चकाकी आलेले लायनिंग थंड झाल्यावरही पूर्वीची पकड परत देत नाही.

म्हणून प्रथम हे पाहायला हवे की तुमच्या क्लचमध्ये उष्णता कोठून येते. सपाट रस्त्यावर गाडी सुरू करताना क्लचमध्ये जिरणारी ऊर्जा, पेडल पूर्ण सुटेपर्यंत गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेएवढी असते. तुमच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ५.९४ आहे. आसाच्या ३.७३ सह एकूण गुणोत्तर २२ च्या किंचित वर जाते. इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर आणि चाकाची त्रिज्या ०.४ मीटर धरली, तर क्लच पूर्ण जुळतो तेव्हा गाडी ताशी सुमारे ५ किलोमीटरने चालत असते. ९ टनांसाठी ही ऊर्जा ९ किलोज्यूल आहे. हीच सुरुवात दुसऱ्या गिअरमध्ये केली, तर उष्णता गुणोत्तराच्या वर्गाने वाढते आणि जवळपास ३० किलोज्यूल होते. पहिल्याच गिअरमध्ये पण १५०० फेऱ्यांवर सुरुवात केली, तर ती चौपट, म्हणजे ३६ किलोज्यूल होते. क्लच तोच, गाडी तीच आणि वजनही तेच आहे. कोणताही महागडा क्लच चालकाच्या पायाने होणारा हा फरक भरून काढू शकत नाही.

चढावर हिशेब बदलतो. सहा टक्के चढावर ९ टनांना नुसते धरून ठेवण्यासाठी पहिल्या गिअरमध्ये क्लचवर सुमारे ९५ न्यूटन मीटर भार येतो. अर्धा क्लच ठेवून गाडी दहा सेकंद जागच्या जागी धरली, तर ७५ किलोज्यूल उष्णता तयार होते. सपाटीवरच्या आठ सुरुवातींएवढी उष्णता त्या दहा सेकंदांत जाते. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांचे लोखंड जाड असल्यामुळे एका वेळेला एकूण तापमान थोडेच वाढते. मात्र घासणाऱ्या पृष्ठभागाचे तापमान क्षणात खूप वर जाते, आणि क्लचच्या बंदिस्त घरात हवा फारशी खेळत नसल्यामुळे पुढचा प्रयत्न सुरू होईपर्यंत आधीची उष्णता निघून गेलेली नसते.

अमेरिकेतील एसएई संस्थेच्या जे२८०७ या मानकात ओढण्याची क्षमता ठरवताना १२ टक्के चढावर पूर्ण वजनासह पाच मिनिटांत पाच वेळा पुढे आणि तितक्याच वेळा मागे गाडी सुरू करावी लागते. महामार्गावरच्या चढाची चाचणी त्यात वेगळी आहे. सुरुवात करता येणे ही स्वतंत्र कसोटी मानली जाते, यावरून तिचे महत्त्व लक्षात यावे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ट्रेलर मागे घेताना तुम्ही ट्रान्सफर केसचा (चारही चाकांना ताकद पोचवणाऱ्या दुय्यम गिअरपेटीचा) लो रेंज, म्हणजे मंद वेगाचा टप्पा, वापरता का? आणि हे जळणे किती उंचीवर होते?

कृष्णाकाठ

आमचा कराडचा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. तेलपाणी यांनी लिहिलेल्या हिशेबाला रस्त्यावरचा एक दाखला देतो.

आमच्या ताफ्यात टाटा सिग्ना ५५३० हे ट्रॅक्टर-ट्रेलर आहेत. त्यांतही कमिन्सचे ६.७ लिटरचेच इंजिन आहे, ३०० अश्वशक्तीचे आणि ११०० न्यूटन मीटर टॉर्कचे. टाटा कमिन्सचा एक कारखाना आमच्या सातारा जिल्ह्यातच, फलटणला आहे, त्यामुळे या इंजिनाशी आमचा जुना परिचय आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसभाराची मर्यादा वाढवल्यापासून या वर्गातील गाड्यांचे एकूण वजन ५५ टनांपर्यंत असते. रॅमच्या तुलनेत वजन सहापट आहे, आणि ४३० मिलिमीटरच्या क्लच प्लेटचे क्षेत्रफळ १३ इंची प्लेटच्या जेमतेम पावणेदोन पट आहे. तरीही आम्ही साधी ऑर्गॅनिक लायनिंगची प्लेट वापरतो आणि ती खंबाटकी घाटातून भरलेली गाडी वर्षानुवर्षे चढवते.

याचे कारण गिअरबॉक्समध्ये आहे. सर्वांत खाली क्रॉलर, म्हणजे अगदी मंद वेगाचा, गिअर असतो आणि भरलेली गाडी त्याच गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर न देता उचलायची, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे. घाटात वाहतूक अडली, तर चालकाने ब्रेकवर थांबायचे, अर्ध्या क्लचवर गाडी धरायची नाही. ज्या चालकांच्या हाती ही शिस्त असते, त्यांची प्लेट इतरांच्या दुप्पट चालल्याचे आम्ही पाहिले आहे. मध्यंतरी काही गाड्यांत आम्ही सिरॅमिक बटणांची प्लेट घालून पाहिली. ती उष्णतेला चांगली टिकते, परंतु पकड एकदम घेते. यार्डात ट्रेलर इंचाइंचाने जोडताना गाडी धक्का खाते, फ्लायव्हीलवर लवकर चरे पडतात, आणि दर वेळी फ्लायव्हीलचे फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे) करण्याचा खर्च वाढतो. दगडखाणीत डंपर चालवणाऱ्यांना ती उपयोगी पडत असेल, पण आमच्या कामाला ती मानवली नाही.

सहज_विचारले

माफ करा, विषय थोडा बाजूला जाईल. एवढा त्रास होत असेल, तर ऑटोमॅटिक ट्रक का घेत नाही? रॅमने २०१८ नंतर मॅन्युअल देणे बंदही केले आहे.

पठारावरून

सहज_विचारले, आपला प्रश्न रास्त आहे. ट्रक उत्तम स्थितीत आहे आणि उतारावर मॅन्युअल गिअर व एक्झॉस्ट ब्रेक यांच्या जोडीवर माझा फार भरवसा आहे, म्हणून तो बदलण्याचा विचार नाही.

तेलपाणी, आपल्या प्रश्नांची उत्तरे देतो. घर सुमारे २,५०० मीटर उंचीवर आहे, आणि आयझेनहॉवर बोगद्याचे पश्चिमेचे तोंड ३,४०१ मीटरवर आहे. तेथे खालच्या फेऱ्यांवर इंजिन फार मंद वाटते आणि ॲक्सिलरेटर दिल्याशिवाय भरलेली गाडी चढावर सुरू होत नाही. ट्रेलर मागे घेण्यासाठी मी आजवर हाय रेंजमधला रिव्हर्सच वापरत आलो आहे, कारण लो रेंज चिखलासाठी किंवा बर्फासाठी असतो, असाच येथे सर्वांचा समज आहे. रिव्हर्समध्ये पेडल पूर्ण सोडले, तर गाडी इतक्या वेगाने मागे जाते की ट्रेलरचा कोन सांभाळता येत नाही. त्यामुळे पाय सतत अर्ध्यावर ठेवावा लागतो.

तेलपाणी

मग दोन्ही कारणे हाती लागली.

उंचीचे आधी सांगतो. टर्बोचे इंजिन महामार्गावर उंचीचा तोटा बराचसा भरून काढते, पण संथ फेऱ्यांवर टर्बो जवळपास निष्क्रिय असतो आणि इंजिन बाहेरच्या विरळ हवेवरच जगते. ३,४०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्के असते. म्हणून चालक फेरे वाढवून गाडी सुरू करतो, आणि फेरे वाढले की उष्णता वर्गाने वाढते. टेक्सासमधला उत्तम अनुभव कोलोरॅडोला जसाच्या तसा लागू होत नाही, तो याच कारणाने. उत्तररात्र यांनी ही मर्यादा स्वतःहून सांगितली, त्याबद्दल त्यांचे आभार.

आता मागे घेण्याचे. तुमच्या ट्रान्सफर केसचा लो रेंज २.७२ पट आहे. हाय रेंजमध्ये रिव्हर्सला पूर्ण जुळलेल्या क्लचवर वेग ताशी पाचच्या आसपास असतो, तो लो रेंजमध्ये दोनच्या आसपास येतो. हा वेग माणसाच्या सावकाश चालीपेक्षाही कमी आहे. म्हणजे पेडल पूर्ण सोडून, पाय बाजूला ठेवून ट्रेलर मागे घेता येतो आणि घसरण्याचा प्रश्नच उरत नाही. सुरुवातीच्या क्षणी लागणारी उष्णताही २.७२ च्या वर्गाने, म्हणजे सातपटीहून अधिक कमी होते. तुमच्याकडे खडी आहे, त्यामुळे पुढची चाके जोडलेली असली तरी आसांवर ताण साठत नाही. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर तीव्र वळण घेत असे करू नये, कारण तेथे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या अंतरातला फरक घसरून निघत नाही आणि सगळा ताण शाफ्टवर येतो.

हे बदलले की निवड सोपी होते. तुमचे इंजिन मूळ स्थितीत आहे आणि पुढेही तसेच राहणार आहे. दुप्पट टॉर्क धरणारा क्लच तुम्ही घेतलात, तर ती धारणशक्ती वापरलीच जाणार नाही. दोन प्लेटांच्या क्लचचा खरा फायदा उष्णता चार पृष्ठभागांवर वाटली जाण्यात आहे, आणि तो मी कमी लेखत नाही. परंतु त्यातली मधली प्लेट दोन्ही बाजूंनी तापते आणि तिला उष्णता टाकायला जागा नसते. लागोपाठच्या सुरुवातींमध्ये तीच प्रथम वाकते. इंजिनाची ताकद बरीच वाढवलेली असती, तर मी निःशंकपणे दोन प्लेटांचा सल्ला दिला असता.

माझ्या मते तुम्ही एकच प्लेट, एकसंध जड फ्लायव्हील, मध्यम वाढवलेला दाब आणि दोन्ही बाजूंना चांगल्या प्रतीचे ऑर्गॅनिक लायनिंग घ्यावे. एका बाजूला सिरॅमिक असलेली प्लेट उष्णतेला अधिक टिकेल, पण घोडे घेऊन जाणाऱ्या माणसाने धक्क्याने पकडणारा क्लच टाळावा असे मला मनापासून वाटते. ट्रेलरमध्ये उभ्या असलेल्या जनावराला प्रत्येक धक्का पायांवर झेलावा लागतो. केवलारचे लायनिंग फार मृदू धरते, मात्र ते एकदा जास्त तापून चकाकले की लवकर सावरत नाही, म्हणून चढाच्या प्रदेशात मी ते सुचवत नाही.

उत्तररात्र

वरील सल्ला वाचून माझेही मत बदलले आहे. मूळ इंजिनाला दोन प्लेटांची गरज नाही, हे मान्य.

फ्लायव्हीलबद्दल मात्र भर घालतो. जी-५६ ला कंपनीने दोन वस्तुमानांचे फ्लायव्हील दिले, ते डिझेलच्या संथ फेऱ्यांवरचे हिसके आतल्या स्प्रिंगांनी शोषण्यासाठी. एकसंध फ्लायव्हील बसवले की ते हिसके थेट गिअरबॉक्समध्ये जातात आणि न्यूट्रलमध्ये दातांचा खडखडाट ऐकू येतो. पेडल दाबल्यावर हा आवाज थांबला, तर तो गिअरच्या दातांचा आहे असे समजावे. प्लेटच्या मध्यभागी असलेल्या डॅम्पर स्प्रिंगा जितक्या चांगल्या, तितका आवाज कमी येतो, म्हणून प्लेट निवडताना लायनिंगइतकेच मधल्या हबकडे पाहावे. शांतता ज्यांना सर्वांत महत्त्वाची आहे, त्यांनी कंपनीचेच फ्लायव्हील घ्यावे. मात्र त्याच्या आतल्या स्प्रिंगा आणि घर्षणाचे भाग उष्णतेने व वयाने सैल होतात, आणि त्याचे फेसिंग करून पुन्हा वापरण्याची पद्धत नाही. जड ओझे ओढणाऱ्याने आवाज स्वीकारून एकसंध फ्लायव्हील घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

दाब वाढला की पेडल जड होते, आणि पेडलचा दाब तेलाने क्लचपर्यंत पोचवणाऱ्या मूळच्या हायड्रॉलिक सिलिंडरांवरही भार वाढतो. क्लच पूर्ण सुटला नाही, तर रिव्हर्स पडताना दात करकरतात आणि लोक नव्या प्लेटला दोष देतात. गिअरबॉक्स खाली उतरवलेला असतानाच जड क्लचसाठी बनवलेले मास्टर व स्लेव्ह सिलिंडर बसवून घ्यावेत.

कृष्णाकाठ

एकदा गिअरबॉक्स उतरवला की मजुरी तीच राहते, म्हणून रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे), पायलट बेअरिंग, फोर्क आणि त्याचा टेकू हे सर्व नवीनच टाकावे. क्रँकशाफ्टचे मागचे सील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील हात लावून तपासावे. तेथून तेलाचा एक थेंब जरी लायनिंगवर आला, तरी नवी प्लेट थरथरू लागते आणि मग ती कितीही घासली तरी पूर्ववत होत नाही. तुमची सध्याची थरथर उष्णतेची आहे की तेलाची, हेही तेव्हाच कळेल. जुनी प्लेट फेकू नका. लायनिंगवर काळसर ओलसर डाग असतील तर तेल, आणि प्रेशर प्लेटवर निळे डाग व बारीक चिरा असतील तर उष्णता.

आणखी एक सांगतो. सिग्नलला पेडल दाबून उभे राहण्याची सवय जड क्लचवर परवडत नाही. पेडल दाबलेले असते तोवर स्प्रिंगचे बल रिलीज बेअरिंगवर आणि क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर येत राहते. न्यूट्रल करून पाय काढावा.

पठारावरून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रिकामा ट्रेलर जोडून घराच्या खडीवर लो रेंजमध्ये मागे घेतला. पेडल पूर्ण सोडूनही गाडी इतकी सावकाश गेली की आरशात पाहून ट्रेलर सरळ करायला भरपूर वेळ मिळाला, आणि वास मुळीच आला नाही.

एकच प्लेट, दोन्ही बाजूंना ऑर्गॅनिक, एकसंध फ्लायव्हील आणि जड कामाचे हायड्रॉलिक सिलिंडर असा संच मागवला आहे. दुकानदाराला दोन प्लेटांच्या संचाबद्दल मी क्षमतेऐवजी उष्णतेचा प्रश्न विचारला, तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हते. आता शेवटचा प्रश्न असा की नवा क्लच बसवल्यावर भरलेला ट्रेलर किती दिवसांनी जोडावा? गवताचा हंगाम तोंडावर आहे.

तेलपाणी

दिवस मोजू नका, किती वेळा क्लच धरला आणि सोडला ते महत्त्वाचे आहे. बहुतेक उत्पादक ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर, ट्रेलरशिवाय चालवायला सांगतात, आणि ते अंतर गावातल्या थांबत्या रस्त्यांवरचे असावे. महामार्गावर सहाव्या गिअरमध्ये ५०० मैल कापले, तर लायनिंग जवळपास कोरेच राहते, कारण तेथे घर्षण होतच नाही. या काळात पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नये. सुरुवातीला लायनिंग आणि लोखंड यांचा स्पर्श काही उंच भागांपुरताच असतो. तेवढ्याच जागेवर पूर्ण भार पडला, तर ते भाग जळून चकाकतात आणि बाकीचा पृष्ठभाग कधीच नीट बसत नाही.

हंगाम जवळ असेल, तर गवताच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांसाठी दुसरी गाडी भाड्याने घ्या. त्यानंतर आधी अर्धा ट्रेलर भरून बोगद्याचा चढ पाचव्या किंवा चौथ्या गिअरमध्ये चढा. टॉर्क पूर्ण लागत असतानाही इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग यांची जोडी सुटत नाही, याची खात्री झाली की मग पूर्ण वजन घाला.